देण्याघेण्याच्या साड्या

सुरतेचे नाव काढले की मराठी माणसाच्या मनात प्रथम लूट उभी राहते आणि तिच्या पाठोपाठ बस्ता. लुटीला साडेतीनशेहून अधिक वर्षे लोटली. बस्ता बांधण्यासाठी सुरतेस जाण्याची रीत मात्र दिवसेंदिवस वाढतच आहे. पालघर-डहाणूपासून धुळे-जळगावपर्यंत ज्या घरी लग्न निघते, त्या घरची चार माणसे पहाटेची गाडी धरतात आणि रात्री गाठोडी घेऊन परततात. आमचे जाणे लग्नानिमित्त नव्हते, नाताळानिमित्त होते. पण हेतू म्हणाल तर तोच : थोड्या पैशांत पुष्कळ साड्या.

वाचकांस थोडा खुलासा केला पाहिजे. आमच्या धर्मग्रामात नाताळापूर्वी विधवा व निराधार माताभगिनींस एकेक साडी देण्याची प्रथा आमच्या आधीच्या धर्मगुरूंच्या काळापासून चालत आली आहे. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी तिच्यासाठी वेगळी झोळी फिरते. यंदा त्या झोळीत ३२,००० रुपये जमले आणि यादीत ६४ नावे होती. म्हणजे माणशी ५०० रुपये. आमचे खजिनदार हिशेबाला चोख आहेत. त्यांचे म्हणणे असे पडले की, वसईच्या बाजारात पाचशे रुपयांस जी साडी मिळते तशीच सुरतेच्या घाऊक बाजारात दोनशेच्या आत मिळते. तेव्हा धर्मगुरूंनी एकदा जाऊन यावे, म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम वाचेल व तीतून गोठ्यास नवी रोषणाई आणि बालगोपाळांस खेळणी घेता येतील. ह्या युक्तिवादात आम्हांस कोठे खोट दिसली नाही. धर्मग्रामातील एक कापडव्यापारी गृहस्थ सोबतीस तयार झाले, आणि डिसेंबरच्या पाच तारखेस आम्ही उत्तरेकडची गाडी धरली.

हा प्रवास दिसावयास सुंदर आहे. वैतरणेचा पूल ओलांडला की मुंबईची दाटी मागे सुटते. घोलवडच्या चिकूच्या बागा दवात न्हालेल्या असतात. पुढे उंबरगावपासून पाट्यांची लिपी बदलते, पण खिडकीबाहेरची शेते आणि माणसे बदलत नाहीत. मग एकामागून एक नद्या येतात : दमणगंगा, पार, औरंगा, अंबिका, पूर्णा, मिंढोळा. प्रत्येक पुलावर कोणी ना कोणी खिडकीतून नाणे टाकतो. सुरतेच्या अलीकडे उधना येते. तेथे जळगावकडून, नंदुरबार-नवापूरमार्गे येणारा लोहमार्ग मिळतो. खानदेशचा मराठी माणूस ह्याच मार्गाने सुरतेत आला. उधना, लिंबायत, डिंडोली ह्या भागांत मराठी इतकी सर्रास कानी पडते की आपण तापीकाठी आहोत खरे, पण भुसावळच्या बाजूच्या तापीकाठी, असे वाटावे. सुरतेची महानगरपालिका आपल्या शाळा सात भाषांतून चालविते. त्यांत मराठी आहे, तेलुगू आहे आणि उडियाही आहे. कापडाच्या गिरण्यांत कोण काम करते हे ह्यावरून कळावे.

रिंग रोडवरचा कापडबाजार पाहून नवखा मनुष्य गांगरून जातो. मजल्यावर मजले, आणि प्रत्येक मजल्यावर एकासारखी एक शेकडो दुकाने. कोठे दिवसाचा उजेड म्हणून नाही. पायाखाली पार्सले, डोक्यावर पार्सले, आणि दोहोंमधून वाट काढणारे हमाल. आमचे सोबती सराईत असल्यामुळे त्यांनी आम्हांस नेमक्या दुकानी नेले. पांढऱ्या गादीवर बसवून चहा आला. मग दुकानदाराने हिंदीत एकच प्रश्न केला : “फादर, पहनने के लिए चाहिए, या लेन-देन के लिए?”

आम्हांस प्रश्न उमगला नाही. साडी नेसण्यासाठी नव्हे तर कशासाठी? आमचे सोबती किंचित ओशाळून हसले व म्हणाले, “फादर, देण्याघेण्याच्या साड्या वेगळ्या असतात.”

हा शब्द आम्ही लहानपणापासून ऐकला होता. त्याचा अर्थ मात्र त्या गादीवर बसून प्रथमच उलगडला. लग्नात मानपानाला, बारशाला, निरोपाला जी साडी द्यावी लागते ती ही. तिचा रंग झगझगीत, काठ रुंद, वेष्टणावर एखाद्या नटीचे चित्र आणि घडीला भरपूर खळ, म्हणजे हाताला ती भारी लागते. ती कोणी उलगडीत नाही. घेणारी ती कपाटात ठेवते आणि पुढच्या कार्यात दुसरीला देते. अशा रीतीने ती घरोघर फिरते, जोवर वेष्टण फाटत नाही तोवर. दुकानदाराने हे सारे लपविले नाही, उलट अभिमानाने सांगितले. नेसण्याची साडी नेसून पाहिली जाते, धुऊन पाहिली जाते, तिच्याविषयी तक्रार येते. देण्याघेण्याच्या साडीविषयी आजवर एकही तक्रार आली नाही. एकशे सत्तर रुपये नग, चौसष्ट नग, रंग सहा.

आमचे सोबती बोटे मोजू लागले. आम्हांस मात्र गेल्या पावसाळ्यातील एक प्रसंग आठवला. तो आम्ही तोवर कोणापाशी बोललो नव्हतो, आणि येथेही लिहावा की न लिहावा असा पुष्कळ विचार केला.

आमच्या यादीतील एका वृद्ध मातेस अंत्याभ्यंग देऊन आम्ही निघालो होतो. रात्री तिने देह ठेवला. सकाळी तिला नेसविण्यासाठी चांगले वस्त्र हवे म्हणून तिच्या भाचीने पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. पेटीत वर जपमाळ होती, रेशनकार्ड होते, आणि खाली सात साड्या एकावर एक रचलेल्या होत्या. घडी न मोडलेल्या. प्रत्येकीवर आमच्या धर्मग्रामाची चिठ्ठी तशीच टाचलेली होती, वर्षासह. त्यांतल्या तीन आमच्या कारकिर्दीतील होत्या आणि त्या आम्ही स्वतःच्या हातांनी तिला दिल्या होत्या. भाचीने त्या बाजूस सारल्या. “आजी ह्या कधी नेसल्या नाहीत, फादर. घाम येतो, पाय अडकतो, चुलीपाशी भीती वाटते म्हणायच्या.” तिला तिच्या विटक्या लाल लुगड्यातच मातीआड केले.

ती भीती खोटी नव्हती. हे कापड खनिज तेलापासून काढलेल्या धाग्याचे असते. ते घाम टिपीत नाही, आणि विस्तवाचा स्पर्श झाला तर वितळून अंगास चिकटते. जन्मभर नऊवारी सुती लुगडे नेसलेल्या आणि अजून चुलीवर तांदूळ शिजविणाऱ्या बाईस असली साडी देणे, आणि तीही सात वर्षे सतत, ह्याला दान म्हणावे की काय म्हणावे! त्या सात वर्षांत तिने प्रत्येक वेळी आमच्यापुढे हात जोडले होते.

दुकानदारास आम्ही म्हणालो की माल बाजूला काढून ठेवा, उद्या सकाळी येतो. आमच्या सोबत्यांस हे रुचले नाही. ते त्यांच्या व्यापाऱ्यांकडे गेले. आम्ही रिक्षा करून उधन्यास गेलो. नवापूरकडचे एक ख्रिस्ती कुटुंब तेथे राहते व त्यांच्याकडे आमची रात्रीची सोय झाली होती. (नवापूरचे स्थानक निम्मे महाराष्ट्रात व निम्मे गुजरातेत आहे, हे बहुतेकांस ठाऊक असेल. ह्या गृहस्थांचे आयुष्यही तसेच दोन्हीकडे वाटलेले आहे : शेत तिकडे, पोट इकडे.)

एक खोली, तिच्यावर पत्र्याचा पोटमाळा. यजमान एका रंगाई-छपाईच्या गिरणीत पाळीने काम करतात. पाळी बारा तासांची. त्यांच्याकडून आम्ही साडीची जन्मकथा ऐकली. मागावरून उतरलेले कोरे, मळकट कापड गिरणीत येते. पॉलिएस्टरला साध्या उकळत्या पाण्यात पक्का रंग चढत नाही; बंद यंत्रात दाबाखाली १३० अंशांच्या आसपास तापविलेल्या पाण्यात ते फिरवावे लागते. झाकण उघडले की वाफ अंगावर येते. रंगीत पाण्याचे पुढे काय होते, असे आम्ही विचारले. “शुद्ध करायला जाते, फादर,” ते म्हणाले, आणि थोडे थांबून, “जिथं जायचं तिथं.” सुरतेजवळच्या सचिन येथील औद्योगिक वसाहतीत ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे कोणी टँकरमधील रासायनिक सांडपाणी चोरून नाल्यात सोडले. जो वायू उठला त्याने जवळच्या गिरणीतील सहा कामगारांचा बळी घेतला. त्या पहाटे आपले यजमान दुसऱ्या गिरणीत पाळीवर होते. पण सचिन तेथून दूर नाही, आणि मरण पावलेले लोक त्यांच्यासारखेच होते. तो प्रकाशाचा सण होता, तीन राजांचा. म्हणजे ज्या दिवशी आपण सोने, ऊद आणि गंधरस ह्या भेटींची गोष्ट वाचतो तोच दिवस.

आमच्या मनात साडी न घेण्याचा विचार पक्का होत चालला होता. तो आम्ही थोड्या उत्साहानेच बोलून दाखविला. यजमानांनी शांतपणे विचारले, “मग सगळ्यांनी असंच ठरवलं तर आम्ही कुठं जायचं, फादर?” आम्हांस उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ ह्या २०१५ सालच्या परिपत्रकात आपले पूर्वाधिकारी बेनेडिक्ट यांच्या विचाराचा दाखला देऊन असे प्रतिपादले आहे की, खरेदी ही केवळ पैशाची गोष्ट नसून नीतीचीही गोष्ट आहे. हे आम्ही प्रवचनात अनेकदा सांगितले आहे. प्रवचनात ते सोपे जाते. उधन्याच्या खोलीत, ज्याचे घर त्या साडीवर चालते त्याच्या समोर बसून ते उच्चारणे आम्हांस जमले नाही.

ह्या वेळी घरच्या बाई काय करीत होत्या? भिंतीशी बसून साडीवर टिकल्या चिकटवीत होत्या. शेजारी साड्यांचा ढीग, हाताशी खळीची बाटली व चिमटा. ठेकेदार सकाळी गठ्ठा टाकून जातो, संध्याकाळी उचलतो, आणि नगावर मजुरी देतो. ती किती हे त्यांनी सांगितले, पण ते येथे छापावेसे वाटत नाही. मराठी शाळेत सातवीत शिकणारी मुलगी धडा पाठ करता करता धागे कापीत होती. आम्ही जवळ जाऊन पाहिले. वेष्टणावरची नटी तीच होती. सकाळच्या गादीवर आमच्यापुढे टाकलेल्या साड्यांचीच ती भावंडे.

बाईंनी मान वर न करता विचारले, “फादर, तुमच्याकडच्या आज्या काय नेसतात?”

आम्ही सांगितले, लुगडे. सुती. लाल.

“सगळ्याजणी?”

आम्ही सांगू लागलो आणि थांबलो. चौसष्टांपैकी आम्ही नावाने सर्वांस ओळखतो. कोणाचा मुलगा आखातात आहे, कोणाची सून बोलत नाही, कोण पहिल्या शुक्रवारी न चुकता येते, हे आम्हांस पाठ आहे. पण कोण काय नेसते, कोणास काय हवे, हे आम्ही त्यांस कधी विचारलेच नव्हते. ज्या बाईने आमच्या धर्मग्रामाचे नावही पूर्वी ऐकले नव्हते, तिने ते प्रथम विचारले.

रात्री भाकरी आणि तूरडाळीचे वरण जेवलो. नवापूरच्या तूरडाळीची ख्याती मोठी आहे. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. ती डाळ त्यांच्या घरच्या शेतातली होती. सकाळी निघताना बाईंनी दोन किलोंची पुरचुंडी आमच्या पिशवीत घातली. आम्ही नको म्हणालो, तेव्हा म्हणाल्या, “तुम्हांला नाही. आज्यांना. मऊ शिजते, दात नसले तरी चालते.”

दुसरा दिवस ६ डिसेंबर, संत निकोलसांचा सण. हा मायराचा बिशप चवथ्या शतकातला. एका गरीब बापास तीन मुलींच्या लग्नाची चिंता होती. संताने रात्री खिडकीतून सोने टाकले आणि तो निघून गेला, अशी परंपरेने आलेली कथा आहे. पुढे ह्याच संताचा लाल झगेवाला सांताक्लॉज झाला व तो दुकानांच्या दारांत उभा राहू लागला. यजमानांच्या खोलीतच लहानसे मिस्साबलिदान अर्पून आम्ही बाहेर पडलो. बाजार उघडावयास अवकाश होता, म्हणून कतारगाम दरवाज्याकडील जुन्या दफनभूमी पाहून घेतल्या.

त्या पाहण्यासारख्या आहेत. इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख सर जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ साली वारला. त्याची व त्याच्या आधी १६५९ साली वारलेल्या ख्रिस्तोफर ह्या भावाची मिळून एक दुमजली घुमटी कबर आहे. तिला मागे टाकावे म्हणून की काय, डचांनी व्हान ऱ्हीड ह्याच्यासाठी त्याहून प्रशस्त कबर उभारली. ‘हॉर्टस मलबारिकस’ ह्या नावाने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ रचून घेणारा हा विद्वान अधिकारी १६९१ साली मरण पावला. ग्रंथ अजून कामास येतो. कबरीवर कबुतरे बसतात.

देण्याघेण्याचा हा सोस सुरतेस नवा नाही. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ साली जवळच्याच सुवाली बंदरात उतरला तो नजराण्यांच्या पेट्या घेऊन, आणि सुरतेच्या अधिकाऱ्यांशी त्याची पहिली तक्रार झाली ती त्या पेट्या उघडण्यावरूनच. पुढे जहांगीर बादशहास त्याने एक विलायती घोडागाडी नजर केली. बादशहाने तिच्यातील मखमल काढून टाकून तेथे जरीचे कापड बसविले, पितळी खिळ्यांच्या जागी चांदीचे ठोकले, आणि दरबारातील जेझुइट धर्मगुरूस विचारले की, इतक्या हलक्या भेटी पाठविणारा हा राजा खरोखर मोठा आहे काय? रत्ने का नाही पाठविली? रोने हे स्वतःच आपल्या रोजनिशीत नोंदविले आहे. व्याही-विहिणींच्या मानपानात आणि ह्यात फरक तो काय? असो.

परंतु त्याच सुरतेची दुसरी एक आठवण आहे, आणि ती आपल्या लोकांनी विशेष जपावी अशी आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर छापा घातला तेव्हा वीरजी व्होरा ह्या विख्यात सावकाराचा वाडा रिकामा झाला. शहराचा सुभेदार किल्ल्यात दडून बसला. बर्नियर हा फ्रेंच वैद्य त्या काळी हिंदुस्थानात होता. त्याने लिहून ठेवले आहे की, कॅपुचिन संघाचे धर्मगुरू फादर अँब्रोज यांच्या मठास महाराजांनी धक्का लावू दिला नाही, कारण हे पाद्री सज्जन आहेत असे त्यांचे मत होते. हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक असते. बर्नियरची पुढची ओळ मात्र फारशी सांगितली जात नाही. डच कंपनीचा एक हिंदू दलाल होता, तो पूर्वीच वारला होता. त्याचेही घर महाराजांनी वगळले, कारण तो हयातीत फार दानशूर होता असे त्यांस कळले. म्हणजे पहा, मेलेल्या माणसाचे दान त्याच्या घराच्या दारावर उभे होते, आणि परक्या मुलखातून आलेल्या सैन्यासही ते दिसले. त्याने काय दिले, कोणाला दिले, ह्याची नोंद बर्नियरने केलेली नाही. पण जे पेटीत पडून राहिले ते दान नगरभर कसे सांगितले गेले असते?

तेथून रिंग रोडकडे येताना महिधरपुऱ्याचा हिरेबाजार लागतो. रस्त्यात उभे राहून माणसे कागदाच्या पुड्या उघडतात व लाखांचे व्यवहार करतात. जगातील दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ सुरतेत पैलू पाडून निघतात असे म्हणतात. येथील एक मोठे व्यापारी सावजी ढोलकिया यांनी २०१८ च्या दिवाळीत आपल्या ६०० कारागिरांस मोटारी दिल्या, त्याची वार्ता देशभर गाजली. त्यांच्या औदार्यास नावे ठेवण्याचे आम्हांस कारण नाही. परंतु तेव्हापासून ह्या धंद्यावर मंदीची छाया आली. रशियन हिऱ्यांवर पाश्चात्त्य राष्ट्रांनी बंदी घातली, प्रयोगशाळेतील हिऱ्याने खाणीतल्याचा भाव पाडला, आणि २०२५ साली अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत जकात बसविली. घंटीवर बसणाऱ्या कारागिरास मोटारीपेक्षा महिन्याचा पगार नेमाने मिळणे हीच भेट वाटावी अशी वेळ आली. आमच्या धर्मग्रामातील एखादा तरुण वाग्दत्त वधूसाठी हिऱ्याची अंगठी घेणार असेल, तर त्याने एवढे तरी जाणावे की, २००३ साली सुरू झालेली ‘किंबर्ली’ नावाची जागतिक तपासणी केवळ खडा बंडखोरांच्या युद्धास पैसा पुरवीत नव्हता ना एवढेच पाहते. तो घासणाऱ्यास मजुरी मिळाली की नाही, हे ती विचारीत नाही.

दुकानी पोहोचलो. माल बांधून तयार होता. आम्ही नम्रपणे सांगितले की साड्या नकोत. दुकानदाराने पाच रुपये कमी केले. आम्ही म्हणालो, भावाची गोष्ट नव्हे. त्याने आणखी पाच कमी केले. आम्ही कारण समजावून सांगू लागलो तसतसा भाव उतरत गेला. कारण पूर्ण होईतो तो दीडशेवर आला. आमच्या सोबत्यांच्या डोळ्यांत पाणी यावयाचे तेवढे बाकी राहिले. अखेर दुकानदार म्हणाला, “फादर, घरात माझी आई आहे. तीही कॉटनच नेसते.” आणि त्याने पुन्हा चहा मागविला.

स्टेशनाजवळ सुरती नानखटाईचे दोन डबे घेतले. डचांच्या पावभट्टीतून ही नानखटाई निघाली असे सुरतकर सांगतात; कबरीपेक्षा हे स्मारक आम्हांस बरे वाटले. एवढी आमची सुरतेची खरेदी.

परतल्यावर समितीच्या सभेत काय झाले ते सविस्तर लिहीत नाही. खजिनदार दुखावले, आणि त्यांचे दुखावणे अयोग्य नव्हते. गाडीभाड्याचा खर्च पडला आणि हाती डाळीची पुरचुंडी आली. पण संत विन्सेंट डी पॉल मंडळीच्या सभासदांनी एक जुनी गोष्ट पुढे केली. फ्रेडरिक ओझानाम यांनी १८३३ साली पॅरिसमध्ये ती मंडळी सुरू केली, तेव्हा ते विशीतले विद्यार्थी होते. त्यांनी रीत घालून दिली ती अशी की, गरिबास मदत पाठवावयाची नाही, ती घेऊन दोघांनी मिळून त्याच्या घरी जावयाचे आणि बसावयाचे. मग ठरले की यादीतील प्रत्येक घरी दोघांनी जावे, डाळीचा आणि नानखटाईचा वाटा द्यावा, आणि विचारावे.

आजपर्यंत पन्नास घरे झाली. अकराजणींनी लुगडेच मागितले, पण मऊ, सुती, आणि तिघींनी म्हटले की जुने धुतलेले असले तरी चालेल. नऊजणींस चष्मा हवा आहे. एकीच्या घरावरचा पत्रा फुटला आहे आणि ती पावसाळाभर पलंग सरकवीत राहिली, हे तिच्या शेजाऱ्यांसही ठाऊक नव्हते. एकीने मुलास आखातात फोन लावून द्या म्हटले. लावून दिला, तो बोलला, ती रडली, आणि झाले, आणखी काही नको म्हणाली. कित्येकजणींनी काहीच मागितले नाही. केवळ बसवून घेतले आणि चहा केला. आणि एकीने, वय वर्षे ऐंशी, आम्हां सर्वांची फजिती केली. ती म्हणाली, “मला मेली ती चकचकीत साडीच द्या. नातीच्या सासूला द्यायचीय!” आम्ही सुरतेच्या दुकानदाराचा पत्ता सोबत्यांकडून मागवून घेतला आहे.

ह्या सर्वांचा हिशेब कसा लिहावा, हा पेच खजिनदारांपुढे पडला. कोणास दोन हजार लागतात, कोणास काहीच लागत नाही. समान वाटप कोठे राहिले? वहीत वर्षानुवर्षे एकच सदर आहे. परवा रात्री आम्ही त्यांच्या मागे उभे होतो. एका पांगळ्या मातेची इच्छा होती की नाताळापूर्वी एकदा नवऱ्याच्या थडग्यावर जाऊन मेणबत्ती लावावी. चार वर्षांत तिला कोणी नेले नव्हते. तिला रिक्षाने नेऊन आणले. खजिनदारांनी बराच वेळ लेखणी हातात धरली, मग ‘साडीवाटप’ ह्या सदराखालीच सुवाच्य अक्षरांत लिहिले : रिक्षाभाडे, दफनभूमी, जाऊन-येऊन, १२० रुपये, मेणबत्त्या दोन, २० रुपये.